माणसाचे वेगळेपण आणि आपली नियमावली : घोडबंदर रस्त्यावरील गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
घोडबंदर रस्ता परिसरातील सहकारी गृहनिर्माण संस्था, ठाणे (पश्चिम).

विषय : सुधारित नियमावली वार्षिक सर्वसाधारण सभेत मंजुरीस ठेवण्यापूर्वी तिचा फेरविचार होण्याबाबत.

स. न. वि. वि.

वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागत असल्याने सध्या संकुलासंकुलांत विषयपत्रिका तयार होत आहेत. आमच्या संकुलाच्या विषयपत्रिकेवर यंदा ‘सुधारित अंतर्गत नियमावली व दंडाचे दर’ असा विषय आहे, आणि मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली या भागांत राहणाऱ्या परिचितांकडून जे मसुदे पाहायला मिळाले तेही थोड्याफार फरकाने याच वळणाचे आहेत. बारा वर्षांखालील मुलांनी लॉबीत आणि जिन्यात थांबू नये. पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावरील मोकळ्या जागेत, चेंडू आणू नये. लॉबीतील बाके काढून टाकावीत. घरकामाला येणाऱ्या महिला, ड्रायव्हर आणि डिलिव्हरीची मुले यांनी फक्त सर्व्हिस लिफ्ट वापरावी. ओला व सुका कचरा वेगळा न दिल्यास दंड आकारावा. गणेशोत्सवाचे मखर, प्रसाद आणि करमणुकीचे कार्यक्रम एकाच इव्हेंट कंपनीकडे सोपवावेत, म्हणजे सभासदांना त्रास नको.

समितीचे काम किती जिकिरीचे असते हे मी जवळून पाहते. आपापली नोकरी सांभाळून, एक पैसा न घेता, रात्री पंप बंद पडला तर खाली उतरायचे आणि वर व्हॉट्सॲप ग्रुपवर बोलणी खायची, हे सोपे नाही. या नियमांमागे कोणाचाही वाईट हेतू नाही. तक्रारी कमी व्हाव्यात एवढीच इच्छा आहे, हे मला मान्य आहे. परंतु माझी सारी नोकरी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवण्यात गेली, आणि त्या विषयातले जे थोडे मला समजले त्यावरून मला असे ठामपणे वाटते की, हे नियम एकत्र ठेवून पाहिले तर माणसाला इतर प्राण्यांपासून वेगळा करणारा जो गुण आहे, तो वापरण्याचे रोजच्या जगण्यातले प्रसंगच आपण एकेक करून बंद करत आहोत. विधान मोठे आहे, म्हणून सविस्तर मांडते.

माणूस वेगळा कशामुळे, या प्रश्नाची उत्तरे गेल्या साठ-सत्तर वर्षांत पुष्कळ बदलली. हत्यार बनवणारा प्राणी म्हणजे माणूस, हे उत्तर 1960 साली जेन गुडॉल यांनी टांझानियातील गोंबे येथे चिंपांझींना काडीवरची पाने काढून त्या काडीने वारुळातील वाळवी टिपताना पाहिले तेव्हाच डळमळले. बुद्धी, असे म्हणावे तर तेही सरळ नाही. जर्मनीतील लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी 2007 साली 105 मुले, 106 चिंपांझी आणि 32 ओरँगउटान यांना चाचण्यांचा एकच संच दिला. मुले सुमारे अडीच वर्षांची होती. वस्तू कुठे लपवली, कोणत्या ढिगात जास्त आहे, कोणत्या साधनाने काम होईल, असल्या चाचण्यांत मुले आणि चिंपांझी जवळजवळ बरोबरीचे ठरले. दुसऱ्याकडे पाहून शिकणे, दुसऱ्याने बोटाने काय दाखवले ते ओळखणे, त्याच्या मनात काय आहे याचा अंदाज घेणे, या चाचण्यांत मात्र मुलांचे गुण वानरांच्या सुमारे दुप्पट होते. एकट्याने डोके चालवण्यात अडीच वर्षांचे मूल फारसे वेगळे नसते. ते वेगळे ठरते दुसऱ्या माणसाच्या सोबतीने डोके चालवण्यात.

त्याच संस्थेत फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी केलेला आणि 2006 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मुद्दाम तपशिलाने सांगते, कारण तो आपल्या कोणाच्याही गॅलरीत करून पाहता येईल असा आहे. दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या माणसाच्या हातून चिमटा खाली पडतो. तो वाकून हात लांबवतो, पण चिमट्यापर्यंत हात पोहोचत नाही. खोलीत अठरा महिन्यांचे एक मूल आहे, ज्याला नीट चालताही येऊ लागून फार दिवस झालेले नाहीत आणि ज्याचा या माणसाशी जुना परिचय नाही. पहिली काही सेकंदे हा माणूस मुलाकडे पाहतही नाही, फक्त चिमट्याकडे पाहत राहतो. मागत नाही, मग शाबासकीची गोष्ट दूरच. तरीही मूल उठते, चिमटा उचलते आणि त्याच्या हातात नेऊन देते. असे वेगवेगळे प्रसंग 24 मुलांपुढे उभे केले गेले, आणि त्यांपैकी 22 मुलांनी निदान एकदा तरी मदत केली. त्याच माणसाने चिमटा मुद्दाम फेकून दिला, तेव्हा मात्र मुले सहसा जागची हलली नाहीत. म्हणजे खाली पडलेली वस्तू उचलण्याची ही नुसती सवय नव्हती. समोरच्याला काय हवे आहे आणि तो कुठे अडला आहे, हे दीड वर्षाच्या मुलाला कळत होते. माणसांत वाढलेल्या तीन लहान चिंपांझींनीही हात न पुरण्याच्या प्रसंगात मदत केली, हे सांगितले पाहिजे. पण थोडा गुंतागुंतीचा प्रसंग आला की ती थांबत.

खरा फरक पुढे दिसतो. दोघांनी मिळून खेळायच्या खेळात मोठ्या माणसाने मध्येच हात आखडता घेतला, तर दीड-दोन वर्षांची मुले त्याला हाताला धरून, खुणा करून पुन्हा खेळात ओढतात. खेळ ‘आपला’ होता आणि तो अर्धवट राहिला, एवढे त्यांना कळते. चिंपांझींनी अशा वेळी जोडीदाराला परत बोलावण्याचा एकदाही प्रयत्न केला नाही. 2011 साली कॅथरिना हामान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या मुलांना दोन टोकांच्या दोऱ्या एकाच वेळी ओढून गोट्या मिळवायला लावले आणि व्यवस्था अशी केली की शेवटी एकाच्या वाट्याला तीन गोट्या येतील, दुसऱ्याच्या वाट्याला एक. दोघांनी मिळून दोरी ओढली असेल तर जास्त मिळालेले मूल बहुतेक वेळा एक गोटी आपणहून दुसऱ्याला देऊन वाटणी सारखी करी. गोट्या आयत्याच समोर आलेल्या असतील तर असे क्वचितच होई. चिंपांझींच्या बाबतीत मिळून काम केले काय आणि न केले काय, वाटणीत फरक पडला नाही.

मिळून काम करण्याची अशी जाण माणसातच असते, या मतावर सर्वांचे एकमत आहे असे नाही. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलातील चिंपांझी मिळून माकडांची शिकार करतात, आणि क्रिस्तोफ बोश यांनी त्या शिकारीतही भूमिकांची वाटणी असल्याचे मांडले आहे. वाद चालू राहतील, ते राहोत. आपल्यासाठी महत्त्वाचे ते एवढेच, की ज्याला आपण न्यायबुद्धी, आपुलकी, जबाबदारी म्हणतो ती लहान मुलांत उपदेशातून कमी आणि बरोबरीने केलेल्या कामातून जास्त जागी होते. प्रसंग मिळाला नाही, तर ती जागी होण्याचे कारणच उरत नाही.

आता बाकांकडे येते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने विवाहित विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट नावाची वसाहत बांधली, आणि तेथे कोणाची मैत्री कोणाशी जुळते याचा अभ्यास लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शाख्तर आणि कर्ट बॅक यांनी करून तो 1950 साली प्रसिद्ध केला. मैत्री आवडीनिवडी किंवा स्वभाव जुळल्याने होते, अशी आपली समजूत असते. तिथे दिसले ते असे, की शेजारच्याच दारातील कुटुंबाला मित्र म्हणून निवडण्याचे प्रमाण 41 टक्के होते आणि त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्याला निवडण्याचे फक्त 10 टक्के. अंतर तर काही पावलांचेच होते! जिन्याच्या तोंडाशी आणि टपालाच्या पेट्यांजवळ राहणाऱ्यांची ओळख इतरांपेक्षा जास्त होती, कारण येणारा-जाणारा त्यांच्या दारावरून जाई. कोणी ओळख करून देण्याचा कार्यक्रम ठेवला नव्हता. लोक एकमेकांच्या वाटेत येत होते, एवढेच घडत होते. नौपाड्यातल्या जुन्या चाळींत हे काम सामाईक नळ आणि गॅलरी करत असे. ते दिवस परत यावेत असे मी मुळीच म्हणणार नाही, कारण त्या गॅलरीत खाजगीपणा नव्हता आणि त्याचा सर्वांत जास्त जाच बायकांना होता. पण तीस मजल्यांच्या इमारतीत, जिथे स्टिल्ट पार्किंगमधून लिफ्टने थेट आपल्या दाराशी पोहोचता येते, तिथे वाटेत येण्याची एकच जागा उरते, ती म्हणजे लॉबी. दोन बाके, आणि शाळेची बस येण्यापूर्वीची दहा मिनिटे. ती बाके ‘दिसायला बरी दिसत नाहीत’ आणि ‘बाहेरचे लोक बसतात’ म्हणून काढू नयेत, ही माझी पहिली विनंती आहे. बसणाऱ्यांत आजी-आजोबा आहेत, बसची वाट पाहणाऱ्या आया आहेत, आणि दुसऱ्या घरचे काम सुरू होण्याआधी पाच मिनिटे टेकणाऱ्या मावशीही आहेत. त्यांपैकी कोणीही बाहेरचे नाही.

मुलांबाबतचा नियम त्याहून गंभीर आहे. लहान मूल मोठ्यांचे किती बारकाईने पाहते, हे व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांच्या 2005 मधील प्रयोगात दिसले. एका पेटीतून खाऊ काढताना प्रयोगकर्त्याने काही अनावश्यक क्रिया मुद्दाम केल्या. पेटी पारदर्शक असली आणि त्या क्रिया निरर्थक आहेत हे दिसत असले, तर चिंपांझी त्या गाळून थेट खाऊ काढत. तीन-चार वर्षांची मुले मात्र सगळ्या क्रिया जशाच्या तशा करत. वरवर पाहता चिंपांझी शहाणे ठरतात. पण रीत, भाषा, कला, हातातले कसब हे सारे एका पिढीकडून दुसरीकडे जाते ते याच विश्वासाने पाहण्यातून. ज्या मुलांनी दिवसभर मोठ्यांना काही करताना पाहायचे, आणि स्वतःपेक्षा थोड्या मोठ्या मुलांच्या मागे लागायचे, त्यांना आपण लॉबीतून, जिन्यातून, पोडियमवरून हटवून घरात पाठवले, तर ती पाहणार कोणाकडे, याचे उत्तर आपण सगळ्यांनीच द्यायला हवे. घरात गेल्यावर ती काय पाहतात, हे आपल्याला ठाऊक आहे. चेंडूमुळे काच फुटते, हे खरे आहे. खेळण्याच्या वेळा ठरवाव्यात, आणि त्या मुलांना बसवून, त्यांच्याच तोंडून ठरवून घ्याव्यात.

दंडाविषयी मला जरा जास्त बोलायचे आहे, कारण या मसुद्यांचा सगळा भार दंडावर आहे. इस्राएलमधील हैफा शहरातील दहा पाळणाघरांत उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांनी केलेला अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला पालक उशिरा येत, त्यामुळे शिक्षिकांना थांबावे लागे. काही पाळणाघरांनी दहा मिनिटांहून जास्त उशिराला दहा शेकेल दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी उशिरा येणाऱ्यांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली, आणि पुढे दंड रद्द केला तरी ती पूर्वीच्या पातळीवर आली नाही. आधी उशीर झाला की पालकांना ओशाळल्यासारखे होई, कारण पलीकडे एक माणूस आपल्यासाठी ताटकळत आहे ही जाणीव होती. दंडाने त्या जाणिवेच्या जागी दर आणून ठेवला, आणि दर भरला की देणे फिटले. आमच्या संकुलात कचऱ्यासाठी दंडाची सुरुवात झाली तेव्हा एका सभासदाचे उत्तर मी स्वतः ऐकले : ‘लावून टाका मेंटेनन्समध्ये.’ त्या क्षणापर्यंत, मिसळलेला कचरा दुसऱ्या दिवशी सकाळी हातांनी वेगळा करणाऱ्या सफाई कामगार बाईंचा विचार त्या सभासदाच्या मनात येण्याची शक्यता तरी होती. बक्षिसाचेही असेच आहे. वार्नेकेन आणि टोमासेलो यांनीच 2008 साली दाखवले की, मदतीबद्दल दर वेळी खेळणे मिळालेली वीस महिन्यांची मुले पुढे खेळणे मिळेनासे झाल्यावर इतर मुलांपेक्षा कमी मदत करू लागली. बक्षीस नसतानाही ती मदत करतच होती.

ज्या पद्धतीने सूचना लिहिल्या जातात, तिचाही परिणाम उलटा होतो. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात अश्मीभूत लाकडाचे एक राष्ट्रीय उद्यान आहे, जिथून पर्यटक लाकडाचे तुकडे खिशात घालून नेत. रॉबर्ट सिआल्डिनी आणि सहकाऱ्यांनी तिथे वेगवेगळे फलक लावून पाहिले. ‘पूर्वी अनेक पर्यटकांनी तुकडे नेल्याने उद्यानाची हानी झाली आहे’ अशा अर्थाच्या फलकाजवळून सुमारे 8 टक्के तुकडे गेले. ‘कृपया तुकडे नेऊ नका’ अशा साध्या फलकाजवळून 2 टक्क्यांहूनही कमी. अनेकजण करतात, असे कळले की आपणही केले तर बिघडत नाही असे माणसाला वाटते, कारण इतर काय करतात हे पाहून वागणे त्याच्या हाडीमासी खिळले आहे. आपल्या सूचना फलकावर दर महिन्याला ‘वारंवार सांगूनही बहुतांश सभासद कचरा वेगळा करत नाहीत’ असे लिहिले जाते. त्याऐवजी किती घरे कचरा नीट वेगळा देतात तो आकडा लावावा, आणि प्रत्येक विंगमधील चार-पाच घरांनी पाळीपाळीने महिन्यातून एका सकाळी खाली येऊन, हातमोजे घालून, सफाई कामगारांबरोबर कचरा वेगळा करण्यास हात लावावा. दंडापेक्षा हे अवघड आहे, हे मला कळते. पण एकदा त्या ढिगासमोर उभा राहिलेला माणूस घरी जाऊन पिशवी कशी भरतो, यात नक्की फरक पडतो.

सर्व्हिस लिफ्टच्या नियमाला माझा स्पष्ट विरोध आहे. हेन्री ताजफेल यांनी 1970च्या सुमारास ब्रिस्टलमधील चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांना क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांची चित्रे दाखवून, त्यातली कोणाची आवडली या नावाखाली दोन गटांत विभागले. मुले आपल्या गटात आणखी कोण आहे हे जाणत नव्हती, तरीही पैसे वाटायला सांगितल्यावर ती आपल्या गटाला झुकते माप देत, आणि बरेचदा स्वतःच्या गटाचे थोडे नुकसान सोसूनही दुसऱ्या गटाशी अंतर राखत. इतक्या क्षुल्लक रेषेने असे होते, तर रोज सकाळी आठ वाजता दोन वेगळ्या दारांपुढे उभ्या राहणाऱ्या दोन रांगा पाहून आपली मुले काय शिकत असतील! परक्यांशी वैर हे काही माणसाचे वेगळेपण नव्हे; गोंबेच्या चिंपांझींचा एकच कळप फुटल्यावर 1974 ते 1978 या काळात एका गटाने दुसऱ्याचे नर एकेक करून मारले होते. माणसाला जे जमते ते याच्या उलट आहे : काल ज्याला परका समजत होता त्याला तो आज आपल्यात घेऊ शकतो. ते कसे होते, याचे गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 साली दिलेले उत्तर असे होते, की दोन्ही बाजूंना बरोबरीचे स्थान हवे, उद्दिष्ट एक हवे, मिळून काम हवे, आणि संस्थेचा अधिकृत पाठिंबा हवा. थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी 2006 साली 515 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा संपर्काने पूर्वग्रह कमी होतो हेच दिसले, आणि ऑलपोर्ट यांनी सांगितलेल्या अटी असतील तिथे तो अधिक कमी होतो. यातील संस्थेच्या पाठिंब्याची अट तुमच्या हातात आहे. सर्व्हिस लिफ्ट सामानासाठी, डेब्रिजसाठी, गॅस सिलिंडरसाठी ठेवावी. माणसांना, मग ती कोणत्याही कामासाठी आलेली असोत, कोणतीही लिफ्ट खुली असावी. सुरक्षेसाठी गेटवर नोंद होतेच.

आणखी एक मुद्दा सुरक्षेचाच आहे, पण कॅमेऱ्यांनी न सुटणारा. न्यूयॉर्कमध्ये बिब लाताने आणि जॉन डार्ली यांनी 1968 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून इंटरकॉमवर बोलत होते, आणि त्यातल्या एकाला फिट येत असल्याचा आवाज ऐकू येई. आपण एकटेच ऐकत आहोत असे ज्यांना वाटत होते त्यांतील 85 टक्के विद्यार्थ्यांनी आवाज संपण्याआधी मदतीसाठी धाव घेतली. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटणाऱ्यांत हे प्रमाण 31 टक्के होते. जे उठले नाहीत त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता. ते बेपर्वा नव्हते, कोणीतरी कळवलेच असेल या विचाराने अडकले होते. माणसे तटस्थपणे बघत राहतात, असा याचा अर्थ पुढे काढला गेला, तो बरोबर नाही. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रिटन, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेतील रस्त्यांवरच्या 219 भांडणांचे सीसीटीव्ही चित्रण तपासले गेले, आणि दहापैकी नऊ प्रसंगांत कोणी ना कोणी मध्ये पडले होते. मदत करण्याची इच्छा माणसात असते. ‘हे माझे काम आहे’ हे नक्की नसते. विसाव्या मजल्यावर जळका वास आला की ग्रुपवर ‘कोणाला वास येतो आहे का’ असे संदेश पडतात, आणि 101 वर फोन कोणी केला हे कोणालाच माहीत नसते. प्रत्येक मजल्यावर एका घराचे नाव दर तीन महिन्यांनी पाळीने लिहून लावावे, आणि त्या घराने फोन करायचा, शेजारच्या आजी-आजोबांना जिन्याने उतरवायचे, एवढे ठरवून द्यावे. याला खर्च काहीच नाही.

उन्हाळ्यात टँकर मागवणे आपल्या पट्ट्याला नवे नाही. आमच्या दोन विंगमध्ये पाहुण्यांच्या पार्किंगवरून बरेच महिने अबोला होता. सेक्रेटरींच्या बैठकीला एक विंग आली की दुसरी येत नसे. अशात एका रात्री टँकर आला आणि भूमिगत टाकीच्या तोंडापर्यंत त्याचा पाईप पुरेना. ड्रायव्हरला पुढची फेरी होती, तो थांबायला तयार नव्हता. मग कोणाच्या तरी गाडीतून पाईपचा एक तुकडा निघाला, दुसऱ्या विंगमधील एका गृहस्थांनी सायकलची जुनी ट्यूब कापून जोडावर गच्च गुंडाळली, वॉचमननी तो जोड दोन्ही हातांनी दाबून धरला, आणि दहावीतली एक मुलगी टाकीच्या झाकणाशी पालथी पडून मोबाइलच्या उजेडात पाणी कुठवर आले ते ओरडून सांगत राहिली. टँकर रिकामा होईपर्यंत सगळे ओलेचिंब झाले होते. पार्किंगचा प्रश्न त्याने सुटला नाही, पण पुढच्या बैठकीला दोन्ही विंग आल्या.

हे वाचून मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला मुझफ्फर शरीफ यांचा 1954चा प्रयोग आठवेल. ओक्लाहोमातील रॉबर्स केव्ह येथील शिबिरात अकरा-बारा वर्षांच्या 22 मुलांचे त्यांनी दोन गट केले, त्यांच्यात चढाओढी लावल्या, आणि थोड्याच दिवसांत झेंडे जाळण्यापर्यंत आणि एकमेकांच्या खोल्यांवर धाडी घालण्यापर्यंत मजल गेली. मुलांना कळू न देता त्यांच्यात भांडण पेटवणे आजच्या नैतिक नियमांत बसणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण पुढे जे झाले ते आपल्या उत्सव समित्यांनी समजून घ्यावे असे आहे. दोन्ही गटांना एकत्र चित्रपट दाखवला, एकत्र जेवायला बसवले, तरी वैर कमी झाले नाही. जेवताना अन्न एकमेकांच्या अंगावर फेकले गेले. मग शिबिराचे पाणी बंद पडले, आणि दोन्ही गटांना मिळून नळवाहिनीतला बिघाड शोधावा लागला. मग जेवण आणणारा ट्रक बंद पडला, तेव्हा काही दिवसांपूर्वी ज्या दोरीने रस्सीखेच खेळून ते भांडले होते, त्याच दोरीने त्यांनी मिळून तो ओढला. अशा काही कामांनंतर वैर ओसरले. एकाच जागी बसून मजा पाहणे आणि एकच काम मिळून करणे यांत जो फरक आहे तो एवढा मोठा आहे.

म्हणून गणेशोत्सवाचा ठेका देण्याचा विषय मला या मसुद्यातला सर्वांत नुकसानकारक विषय वाटतो, जरी तो वाचताना सर्वांत निरुपद्रवी दिसतो. इव्हेंट कंपनीचे मखर रेखीव असेल, ऑर्केस्ट्रा वेळेवर सुरू होईल, खुर्च्या नीट मांडलेल्या असतील, आणि आपण सगळे त्या खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसून मोबाइलवर चित्रण करू. मखरासाठी पुठ्ठा कापताना होणारे वाद, मोदकांची उकड कोणाच्या घरी काढायची यावरून होणारी धावपळ, आरतीचे पुस्तक कोणाकडे राहिले म्हणून मारलेल्या हाका, विसर्जनाला मूर्ती उचलताना अनोळखी माणसाला ‘जरा डावीकडून धरा’ असे म्हणणे, हे सगळे त्रास म्हणून वगळले जाईल. ज्या त्रासाने आपण एकमेकांना ओळखू लागतो, तो वाचवण्यासाठी आपण वर्गणी भरणार आहोत. माझा प्रस्ताव असा आहे की मंडप, वीज आणि ध्वनी ही कामे, ज्यांत जोखीम आहे, ठेकेदाराला द्यावीत. मखर, प्रसाद आणि निदान दोन संध्याकाळचे कार्यक्रम सभासदांनी करावेत. मखराच्या कामाच्या जोड्या विंगप्रमाणे न लावता चिठ्ठ्या टाकून लावाव्यात, प्रत्येक जोडीत एक मूल असावे, आणि वॉचमन, माळीकाका, सफाईच्या मावशी यांच्या मुलांचीही नावे त्या चिठ्ठ्यांत असावीत. एवढ्या मोठ्या उत्सवावर हा बदल एकदम नको असे वाटत असेल, तर माघी गणपतीला लहान प्रमाणावर करून पाहावे.

या पत्राची एक प्रत मी आमच्या संस्थेच्या सचिवांकडे लेखी देत आहे, आणि नियमावलीवर एकत्रित मतदान न घेता बाके, मुले, लिफ्ट, दंड आणि उत्सव हे विषय स्वतंत्रपणे चर्चेला घ्यावेत अशी विनंती करत आहे. इतर संस्थांतील ज्या सभासदांना हे पटते त्यांनी आपापल्या सचिवांकडे, सभेची विषयपत्रिका निघण्यापूर्वी, अशीच लेखी मागणी करावी. समितीतील कोणाला या अभ्यासांविषयी अधिक विचारायचे असेल, तर सभेच्या आधी एखाद्या संध्याकाळी मी खुशाल येईन आणि मला जे ठाऊक आहे ते सांगेन.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
घोडबंदर रस्त्यावरील एका गृहसंकुलातील सभासद आणि निवृत्त प्राध्यापिका